आधी समितीकडे जा

४ मार्च
किळस आली! बटणं मोजून झाली — माझी एक्केचाळीस, मास्तरांची अडतीस. आमच्या शिंपी संघटनेत मत म्हणजे डब्यात टाकलेलं बटण. चार भोकांचं मला, दोन भोकांचं मास्तरांना. वीस वर्षं हा माणूस त्याच डब्यातून अध्यक्ष झाला. आज हरला तर म्हणतो, "बटण म्हणजे काय मतपत्रिका आहे का?" आणि ऑफिसची किल्ली खिशात घालून चालता झाला.

यांनीच मला कात्री धरायला शिकवली. लाज वाटते.

५ मार्च
खुर्चीची हौस नाही मला. पण आम्ही सगळे शिवायला बसतो ती शेड संघटनेची आहे. अध्यक्षाची सही झाली की बिल्डर ती पाडणार. बिल्डरला मास्तरांच्या ऑफिसात चहा पिताना मी दोनदा पाहिलंय. शेड गेली तर मशीन कुठे ठेवू, पलंगावर? शेड वाचवायची, हे प्रचारात बोलावंही लागलं नाही. ते काय सांगायला हवं?

शेजारच्या मशीनवरची काजवाली — तिनेच मला उभं केलं — म्हणाली, "ताई, सोडायचं नाही. कोर्टात चला."

१२ मार्च
कोर्ट. पाच मिनिटं! न्यायाधीशांनी मान वर न करता सांगितलं, "आधी संघटनेची तंटा समिती. मग निबंधक. तिथेही समाधान झालं नाही तर इथे." बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणतात, "हो, तसा नियमच आहे."

मग आधी का नाही बोललास रे बाबा!

१३ मार्च
तंटा समिती कोण नेमणार? अध्यक्ष. अध्यक्ष कोण? त्याचाच तर तंटा! मास्तर कापडावर खडूने रेघ मारत होते. "अर्ज ठेव. समिती नेमली की बघू." मला तिथेच थुंकावंसं वाटलं.

२० मार्च
समिती नाही.

२८ मार्च
निबंधक कार्यालय. कारकुनाने माझा अर्ज मेलेल्या पालीसारखा दोन बोटांत उचलला. "समितीचा निर्णय जोडा." म्हटलं, समितीच नाही. "मग समिती नाही, असं समितीकडून लिहून आणा." आणि हसलाही नाही!

नवरा म्हणाला, "सोड ना आता, घरीच शिव." त्याच्यावर उगाच खेकसले.

१६ एप्रिल
आज खुद्द निबंधकबाई भेटल्या. तीस दिवसांत समितीने काहीच केलं नाही तर तो मार्ग संपला असं धरतात म्हणे. हे त्या कारकुनाच्या तोंडून निघत नव्हतं! बाईंनी डबा मागवला. मतमोजणीनंतर त्यावर आम्ही दोघांनी शिवलेली कापडी पट्टी तशीच होती, एक टाका हललेला नाही. मला वाटलं होतं, मास्तर तिथेही हात मारतील.

२ मे
आदेश आला. अध्यक्ष मी! मास्तरांनी किल्ली माझ्या मशीनवर ठेवली. "सांभाळ," एवढंच म्हणाले. नाटकी म्हातारा.

३ मे
ऑफिस उघडलं. कपाटात बिल्डरचा कागद सापडला. दीड वर्षापूर्वीचा. सहीची जागा कोरी.

वाचतेय तोवर काजवाली आत आली, मागे आमच्या बाजूची सगळी माणसं. पेनाचं टोपण तिनेच काढून दिलं. "इथे करा ताई. मास्तर मेले तरी सही करणार नव्हते, म्हणून तर तुम्हाला निवडलं."