मागच्या रांगेपर्यंत

सांतो आंद्रे
संत ब्राझचा सण झाला त्याच आठवड्यातला गुरुवार

प्रिय जुवेन्सियोदादा,

आधी आशीर्वाद दे. (दिलास असं धरून पुढे लिहिते. तिकडे पाराइबात खाटेवर बसून कुरकुरत दिलास तरी चालेल, पोचतो.) दोरालिसवहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली आहे म्हणून सांग, आणि गुडघ्यांच्या वरच्या वहिनींनाही नमस्कार. शेळ्या बऱ्या आहेत ना? तळ्यात पाणी आहे ना? तुझा रक्तदाब कसा आहे ते विचारत नाही, कारण हे पत्र वाचून तो कसा होईल ते मला माहीत आहे.

आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि कुत्रं. तुझा मेहुणा अदेर्बाल ठीक नाही आणि हे पत्र त्याच्याबद्दलच आहे, तेव्हा इथेच घडी घालून चुलीत टाकायचं असेल तर टाक. फक्त टाकण्याआधी वहिनींना वाचायला दे. त्या रडतील, मग तुला वाचावंच लागेल. आणि कागद उलटून बघू नकोस. अदेर्बालच्या शेवटच्या निवडणुकीची पत्रकं आहेत ही. खोकीच्या खोकी उरली. मी कपाटात अंथरली, तुझ्या भाचीने, जांदिराने, तिच्या मुलांना चित्रं काढायला दिली, कोपऱ्यावरच्या मासेवाल्यालाही देऊ केली, तर तो म्हणाला, "नको हो निवाल्दाबाई, गिऱ्हाईक माशाऐवजी त्या फोटोलाच प्रश्न विचारत बसतं." पाठ कोरी आहे, कागद जाड आहे आणि टाकवत नाहीत. फोटोत तो हसतो आहे. त्यातले निम्मे दात छापखान्याचे आहेत.

तर दादा, अदेर्बालचा आवाज गेला. पडशाने जातो तसा नव्हे. डॉक्टरांनी घशातून जे काढायचं ते काढलं, आणि जे काढता आलं नाही ते तिथेच राहिलं. आता तो बोलतो ते कुजबुजल्यासारखं. कान तोंडाशी नेला तर कळतं, हातभर दूर गेलं की नुसते ओठ. ज्या माणसाच्या ओरडण्याने आपल्या गल्लीतली कोंबडी अंडी द्यायची थांबायची, त्याला आता पाणी हवं असलं की टेबलावर चमचा वाजवावा लागतो. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या चमच्याची वाट बघते आणि वाजला की मला रडू येतं. मग मी पाणी नेते आणि म्हणते, "आले, आले, संप करू नकोस."

आणि नेमकं याच वेळी कारखाना बंद होतो आहे. हो, आपलाच, जिथे तुम्ही दोघं पत्रे ठोकत उभे असायचात. संघटनेतली पोरं (पोरं कसली, त्यांनाही नातवंडं आहेत) घरी आली आणि म्हणाली, फाटकावर शेवटची सभा घेतोय, अदेर्बालदादांनी चार शब्द बोलावेत. इतक्या वर्षांत त्याला कोणी कुठे बोलवलं नव्हतं. बारशाला बोलवायचे तेही मी केक चांगला करते म्हणून. त्याने लगेच मान हलवली. मग पोरं त्याला संघटनेच्या हॉलमध्ये ध्वनिवर्धक लावून बघायला घेऊन गेली. अदेर्बालने माइकशी तोंड नेलं आणि सगळा जीव एकवटून म्हणाला, "साथींनो." हॉलमध्ये एवढंच ऐकू आलं, फसस्स. मागच्या बाजूचे लोक उठले आणि खिडक्या उघडायला लागले. त्यांना वाटलं गॅसची टाकी गळतेय. एक जण तर खरंच स्वयंपाकघरात जाऊन टाकी बंद करून आला आणि सगळ्यांना सांगायला लागला, आता भीती नाही. मी हसले. अदेर्बालही हसला, पण घरी येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही, आणि तुला माहीत आहे, हा हात धरणाऱ्यातला माणूस नव्हे.

आता जुनं उगाळते. तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा माझ्या तोंडाने सांगू दे, कारण तुम्ही दोघंही ते चुकीचं सांगता. लष्करी सेनापतींच्या राज्यातला तो संप. मैदान गच्च भरलेलं, पोलिसांनी भोंगे आधीच उचलून नेलेले, आणि अदेर्बाल कॅन्टीनच्या टेबलावर चढलेला. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. पहिल्या रांगेने मागे वळून ते दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला, असं पार कुंपणापर्यंत. पहिल्या रांगेत मध्यभागी तू. मी बाजूला पावाची टोपली घेऊन उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं आहे. तो म्हणाला, "सोमवारी कामावर जाऊ, बोलणी चालू ठेवू." (घरात जांदिरा तान्ही होती, डाळ संपली होती, तो घाबरला होता. मीच त्याला आदल्या दिवशी घाबरवलं होतं.) आणि तू त्याच्याकडे पाठ केलीस, छाती भरून श्वास घेतलास आणि ओरडलास, "सोमवारी एकही माणूस आत पाऊल टाकणार नाही!" ते वाक्य रांगांतून मागे गेलं आणि कुंपणाकडून जो आवाज परत आला त्याने माझ्या टोपलीतले पाव उडाले. अदेर्बाल टेबलावर भुतासारखा उभा. एवढी माणसं आपल्या नावाने ओरडत असताना टेबलावरच्या माणसाने काय करायचं? त्याने मूठ वर केली. तो फोटो पेपरात आला. त्या फोटोसाठी त्याला तुरुंगात टाकलं आणि त्याच फोटोसाठी सुटल्यावर लोकांनी त्याला खासदार केलं. न बोललेल्या वाक्यावर माझ्या नवऱ्याने नाव कमावलं, आणि ते वाक्य माझ्या भावाचं होतं.

ब्राझिलियात संसदेत त्याचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस, मी गॅलरीतून पाहिलं. सवय ती. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. मागे सांगायला कोणी नाही. समोरच्या बाकांवरचे वकील आणि मळेवाले त्या थांबलेल्या जागेत खोकायचे, एक तर मोठ्याने "आमेन" म्हणायचा, आणि सगळे हसायचे. त्याच्यावर खरं प्रेम फक्त भाषणं टिपून घेणाऱ्या बायकांनी केलं. त्यांना मधे कॉफी प्यायला वेळ मिळायचा. घरी आला की जेवतानाही तेच. "मीठ कमी आहे," म्हणून थांबायचा, आणि जांदिरा स्वयंपाकघरात धावत येऊन मला सांगायची, "आई, बाबा म्हणतात आज जेवण फार छान झालंय." पोरगी मामावर गेली आहे.

मग तो राज्यात कामगारमंत्री झाला, आणि तुम्ही संप करून त्याच्या कचेरीवर मोर्चा आणलात. तू पुढे. त्याने तुला आत बोलावलं, पातळ कपातून कॉफी दिली, आणि तेच म्हणाला जे मैदानात म्हणाला होता. कामावर जा, बोलणी चालू ठेवू. बाहेर सांग. दादा, त्याला वाटलं होतं तू बाहेर जाऊन काहीतरी वेगळं सांगशील! तो मंत्री होता, त्याला तेच बोलणं भाग होतं. पण बाहेर तू आहेस, तू सांभाळून घेशील, असं त्याने धरलं होतं. तू फाटकाच्या कठड्यावर चढलास आणि जन्मात पहिल्यांदा त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलंस. "मंत्री अदेर्बाल म्हणतात, सोमवारी कामावर जा." एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते मागच्या रांगेपर्यंत गेलं आणि तिकडून काहीच परत आलं नाही. त्यानंतर त्याला आपल्या गल्लीनेही मत दिलं नाही. (मी दिलं. निदान मी तरी.)

तो म्हणतो, त्याने मला बुडवलं. तू म्हणतोस, मी एक अक्षर बदललं नाही. दोघांचंही खरं आहे, आणि तुम्ही दोघंही गाढव आहात. तू रागाने गाशा गुंडाळून शेळ्यांत जाऊन बसलास, हा पारावरच्या म्हाताऱ्यांत डॉमिनो खेळत बसला, आणि मधे मी. प्रत्येक नाताळाला एकाची बायको म्हणून रडायचं की दुसऱ्याची बहीण म्हणून, हे मला कोणी विचारलं नाही.

संत ब्राझ घशाची दुखणी बरी करतो म्हणतात, म्हणून परवा त्याच्या दिवशी अदेर्बालला देवळात नेलं. फादरनी दोन मेणबत्त्या गळ्याशी धरल्या. अदेर्बाल काहीतरी कुजबुजला, फादरना वाटलं पापं सांगतोय, ते वाकले. मागे रांग खोळंबली. बाहेर आल्यावर फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पापं नाहीत हो, पूर्ण भाषण होतं. मधे मधे थांबत होते."

घरी येऊन मी म्हटलं, चल, मी सांगते तुझं भाषण पुढे. तू बोल, मी तुझ्या तोंडाला कान लावते आणि वळून ओरडते. केली तालीम. तो ओठ हलवायचा, मी कुत्र्याला ओरडून सांगायची. चार वाक्यं झाल्यावर त्याने हात वर केला.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही," तो कुजबुजला. "तू बरोबर सांगतेस."

"मग?"

"बरोबर नको गं." आणि थांबला. मी वाट बघितली. "जुवेन्सियोला बोलाव."

एवढंच आहे, दादा. बस थेट आहे, हाडं खिळखिळी होतील, पण जांदिरा स्थानकावर येईल. सभेची तारीख जरा पुढेमागे होते आहे, तेव्हा तू कधीही नीघ. आज निघालास तर उत्तम.

तुझी धाकटी,
निवाल्दा

ता. क. येताना गुळाची ढेप आणि थोडं वाळवलेलं मांस आण. त्याला असलं घट्ट काही गिळता येत नाही. तो नुसता वास घेईल म्हणतो. खाईन मी.

आणखी एक ता. क. वर वाचून तुला वाटलं असेल की त्याचा राग गेला. नाही गेला. तुझं नाव काढलं की अजून चमचा आपटतो. म्हणून तर लवकर ये. भांडायला कोणी मिळालं की तो जरा जेवतो.

शेवटचं. वहिनींना एवढं वाचू देऊ नकोस. सभा होणार नाही. पोरं आमच्याकडून गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कारखान्याने सगळ्यांना मोबाइलवर निरोप पाठवून घरी बसवलं आणि फाटकाला साखळी घातली. कोणी जमलंही नाही. अदेर्बालला मी सांगितलेलं नाही. रेडिओतल्या बॅटऱ्या माझ्या एप्रनच्या खिशात आहेत, आणि डॉमिनोवाल्या म्हाताऱ्यांना मी दम देऊन ठेवला आहे. तो रोज सकाळी दाढी करतो, निळा सदरा घालतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. मी सांगते, आज नाही, पुढे गेली, दादा यायचाय. सभा मी हवी तितक्या वेळा पुढे ढकलीन रे. त्याची वेळ मला ढकलता येत नाही.