माहेरचा भाचा

शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. अकोला.

डोकं अजून भणाणून राहिलं. माह्या नातीच्या, गौरीच्या गिटारची लांब दांडी मोडली. तिले मान म्हणतात. नवी करायले म्या माह्या पलंगाची शिसमाची पट्टी काढून देली. पलंग मोडकाच होता, त्याचं काही नाही. अमरावतीचा कारागीर निघाला मूर्तिजापूरचा, म्हणजे माह्या माहेरचा. पहिल्याच दिवशी मले आत्या म्हणाला. मग भाच्याले तगादा कसा लावायचा? फोन केला का एकच, "करून राहिलो, आत्या." गौरी म्हणे, "आजी, टाळून राहिला तो." मी तिलेच झापलं.

आज तिनं मोबाइल पुढे धरला. "पाह्य, तुह्या भाच्याचा व्हिडिओ." कोण्या गिऱ्हाइकाची नवी गिटार दाखवून राहिला होता. मानेच्या लाकडात डोळ्यासारखी काळी गाठ. ती गाठ माह्या उशाशी होती, मी नाही वळखणार? मोठं करून पाह्यलं. तीच गाठ.

फोन लावला.

"आत्या, करून राहिलो..."

"कोणासाठी रे? गाठ पाह्यली म्या."

तो म्हणे, "मॅडम, दुसरं लाकूड लावून देतो. टाइम लागन."

गौरीच्या कॉलेजचं गॅदरिंग तोंडावर आलं अन् याले टाइम लागन! काहून भुलली मी? गावाचं नाव ऐकलं अन् बाकी काही इचारलंच नाही. लुबाडताना आत्या, सापडल्यावर मॅडम.

गौरी म्हणे, "आजी, फोन काहून ठेवला? शिव्या तरी द्यायच्या."

आत्यानं देल्या असत्या. मॅडमनं कशा द्यायच्या?