आबांचा एकच शब्द

३ फेब्रुवारी २०२५

बोलले! आबांच्या — सासऱ्यांच्या — अंगावरून वारं गेलं, त्याला आज बावीस दिवस. इतके दिवस नुसती घरघर. आज पेज भरवताना स्पष्ट म्हणाले — "गस्ट." सासूबाई देवापुढं बसून रडल्या. मला खरं तर आधी चादर बदलायची होती. सकाळपासनं तिसरी.

४ फेब्रुवारी

हे म्हणतात, "आबा गस्त म्हणून राहिले. हरभऱ्यात डुकरं येऊन राहिली, त्याची फिकीर असंल." मग आबांच्या कानाशी मोठ्यानं — "मी राखण करून राहिलो आबा! तकलीफ घेऊ नका!"

आबांनी डावा हात गादीवर आपटला. "गस्ट!"

६ फेब्रुवारी

शब्द इंग्रजी असंल, हे मलाच सुचलं. पुसेगावच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं माणसानं! त्यांची जाडजूड डिक्शनरी काढली. मी बारावी, तीही कशीबशी. पण सापडलं. गस्ट म्हणजे वाऱ्याचा एकदम आलेला झोत. उत्तरेकडच्या कुठल्या जुन्या भाषेतून आलाय म्हणे.

बाज ओढत खिडकीशी नेली. एकटीनं. कंबर गेली.

आबा — "गस्ट."

७ फेब्रुवारी

काही न्हाई. कपडे, पेज, कूस बदलणं.

९ फेब्रुवारी

त्याच पानावर खाली दुसरा गस्ट निघाला! वाऱ्याशी संबंध न्हाई त्याचा. हा लॅटिनमधला. जुना, आता कुणी वापरत न्हाई. अर्थ — चव.

महिना होत आला, अळणी पेज पाजून राहिलो आपण! पळत जाऊन लिंबाच्या लोणच्याचा खार आणला, बोटानं जिभेला लावला. आबांनी डोळे मिटले. ओठ चाटले. सासूबाई म्हणाल्या, "हेच मागून राहिले होते गं!"

मग डोळे उघडले. "गस्ट."

१२ फेब्रुवारी

हिंगोलीला डॉक्टरांकडं. वारा, चव — सगळं सांगितलं. हसले न्हाईत. म्हणाले, "ताई, अशा पेशंटच्या तोंडात एखादाच शब्द अडकून बसतो. भूक लागली तरी तोच, दुखलं तरी तोच. त्यात अर्थ शोधू नका. चेहऱ्याकडं बघा."

येताना जीपमध्ये दिवस मोजले. सहा दिवस मी डिक्शनरीच बघून राहिले होते.

१५ फेब्रुवारी

पेज भरवता भरवता बसल्या जागी माझाच डोळा लागला. जागी झाले तर वाटी आबांच्या डाव्या हातात. सांडू न देता धरलेली. माझ्याकडं बघून राहिले होते. तोंड वाकडंतिकडं झालं, बराच वेळ.

मग — "थकली... पोरगी."