माह्या डोळ्यातलं लाल झाड

केनवड, गुरुवार

तीर्थरूप धनीबाईच्या पायाशी धाकट्या शेषरावचा दंडवत. तिकडं आसेगावात तू, भाऊजी अन् लेकरं बरे असान. तुह्या गुडघ्याले उतार पडला का? फोनवर तू मले बोलूच देत नाही, मधातच ओरडते, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो.

तर बाई, मागच्या शुक्रवारी आपल्या ओसरीत तपासणीचं शिबिर झालं. बीपी, शुगर, सारं फुकटात. लोक यायले भेत होते, म्हणून म्या मोठेपणानं म्हटलं, पह्यले मले तपासा, माह्या अंगात रोगाले जागाच नाही. नर्सबाई फरहत म्हणून आहे, कारंज्याची, लहानखुरी पोरगी. तिनं इचारलं, तमाखू खाता का? म्या नाही म्हटलं, पण गालात खर्रा असल्यानं ते 'नाही' बी धड म्हणता आलं नाही. मंग तिनं पोटाले टेप लावला. म्या पोट आत ओढून धरलं. ती घाईच करेना, टेप धरून नुसती उभी! माणसानं किती वेळ दम धरावा? शेवटी सुटला, अन् एकशे चार सेंटीमीटर पोट साऱ्या ओसरीनं पाह्यलं.

मंग बीपी. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा. म्या म्हटलं, मशीन बिघडलं. खात्रीसाठी चंपालाल शेठले बसवलं (हा किराणावाला, दिवसभर गादीवरून उठत नाही, पाहून कोणालेही वाटीन का ह्याचंच काही खरं नाही). त्याचा बरोबर निघाला! म्हणे तो मीठ कमी खाते अन् रोज सकाळी मंदिरात पायी जाते. माहा दुसऱ्या हातावर मोजला, तर चारनं वाढला.

त्यानंतरचं सांगतांना अजून अंगावर काटा येते. फरहतनं एक लहानसा कॅमेरा माह्या डोळ्यापुढं धरला, उजेड चमकला, अन् पडद्यावर चित्र आलं. पिवळा गोल, पुनवेच्या चंद्रावाणी, अन् त्यातून निघालेल्या लाल फांद्या, बारीक बारीक होत चौफेर गेलेल्या. म्या इचारलं, हे कायचं झाड?

"काका, हा तुमचा डोळा आहे. आतून."

बाई, चौपन्न वर्सं ह्या डोळ्यानं म्या वावर पाह्यलं, बाजार पाह्यला, अन् एवढं मोठं नवल आतच होतं! म्या हात जोडले, कोणाले ते माहीत नाही. मंग तिनं फांद्याजवळचे तीन ठिपके दाखवले. दाबानं रक्त झिरपलं म्हणे. म्या म्हटलं, मंग दुखलं काहून नाही?

"दुखत नाही, म्हणूनच तर लोक येत नाही," ती म्हणाली.

मंग एकेक जण आपसूक उठून रांगेत लागला.

तुहा धाकटा,
शेषराव

ता. क. : घरात कोणाले हा त्रास होता का, असं तिनं इचारलं, तवा म्या नाही म्हटलं. ती गेल्यावर बाबा आठवले. जेवता जेवता ताटावर वाकले ते. आपण समजलो, देवानं नेलं. तवा ते माह्याच वयाचे होते, अन् तू माह्याहून चार वर्सानं मोठी. एकदा हात पुढं करजो.

अजून एक : फरहतनं गोळ्या देल्या, आजच सुरू करा म्हणे. घेऊन राह्यलो, असं म्या साऱ्याइले सांगितलं. सहा दिवस झाले, एकही फोडली नाही. गिलास भरतो अन् वाटते, एक गिळली का आपण आजारी माणूस झालो. चिठ्ठी भेटली का पह्यल्या यष्टीनं ये. तू समोर बसून दटावलं, तर जाईन घशाखाली.