राखणीचं गवत

धावडा, ता. भोकरदन
रविवार, १९ नोव्हेंबर १९७८

देवानंद भाऊजींना वहिनीचा जयभीम.

आम्ही समदे इथं खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारावी तर जालन्याला मास्तर झाल्यापासून तुम्ही कार्डालाही महाग झालेत. शाळेतल्या पोरांना पानभर निबंध लिहायला लावता अन् आईला चार ओळी लिहायला हात दुखतो का? बरं, जाऊ द्या. भांडायला कागद घेतला न्हाई.

आत्याबाईचा गुडघा बरा आहे म्हणायचा. थंडी पडली की कुरकुर करतो, त्याही करतेत. तुमच्या दादाची तब्येत बराबर आहे, फक्त बोलणं कमी झालंय. म्हैस गाभण आहे. सकाळपासून दोनदा लिहायला बसले अन् दोनदा उठले. चुलीपाशी जाते, दारात येते, जिवाला थारा न्हाई.

डोंगराचं सांगते. बहात्तरच्या दुष्काळात गावानं अन् आपण मिळून डोंगर कसा बोडका केल्ता ते तुम्हाला म्हाईत आहे. मोळ्या विकून पोट भरलं, कोणाला नाव ठेवायचं? तर गेल्या साली बद्रीनाथ पाटलानं गाव गोळा केला. म्हणला, जंगलाचा गार्ड एकटा काय राखणार, आपला डोंगर आपणच राखू. कुऱ्हाड बंद, चराई बंद, राखणीची पाळी घरटी, अन् गवत पिकलं की भाराही घरटी. गोष्ट चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पण गावच्या पंचातल्या कचरूनं मधीच काडी घातली. नुसत्या शब्दावर कोण विसंबतो, म्हणला, महादेवापुढं बेलभंडारा उचलून शपथ घ्या. समद्या गावानं घेतली. आपली वस्ती बसून राह्यली. तुमचे दादा उभे राहून म्हणले, "आम्ही धम्म घेतला तवाच देव सोडले. आमचा शब्द घ्या." कचरू म्हणला, "मंग शब्दाला साक्ष कोण?" बद्रीनाथ गप बसला. भला माणूस आहे, पण भला माणूस गप बसला की लई नुकसान होतं बघा.

शपथ न्हाई तरी राखण सोडली न्हाई आपण. पाळी आली की दादा जायचे. त्यांना ताप आल्ता तवा मी गेले काठी घेऊन. गावातल्या चतुराबाईच्या शेळ्या आत शिरल्या, तर हाकलल्या. ती म्हणली, "तू कोण गं हाकलणारी? तुझी शपथ कुठंय?" मी म्हणलं, "माझी न्हाई, तुझी आहे ना बाई! म्हून तर हाकलून राह्यले." हसली अन् शेळ्या घेऊन गेली मुकाट्यानं.

यंदा डोंगर बघायला पाहिजे होता तुम्ही. पवन्या गवत छातीला लागतंय. तोडलेल्या सागांच्या बुडातून फुटवे आलेत, माझ्याहून उंच. मी उगंच जाऊन उभी राहायची. हे आपण केलं असं वाटायचं, लेकरू रांगायला लागल्यावर वाटतं ना तसं.

परवा वाटणी झाली. कचरू पारावर बसून नावं पुकारत होता. आपल्या वस्तीच्या नावांपाशी आला अन् थांबला. "बेल न्हाई त्याला भारा न्हाई. आत्ता उचला, आत्ता घेऊन जा." तुमचे दादा पाठ फिरवून घरला निघाले, त्यांच्या मागं समदी वस्ती.

आपल्या घरातून एकानं बेल उचलला, भाऊजी.

तुम्ही म्हणाल, दादांनी. ते मान कापली तरी उचलायचे न्हाईत. तुम्ही म्हणाल, मंग आईनं, जुनं माणूस आहे. त्या घरीच होत्या, गुडघा धरून. मी उचलला. समदे निघाले अन् मी थांबले. म्हशीच्या बरगड्या मोजता येतेत, घरात कडब्याची पेंढी न्हाई, अन् समोर मी राखलेलं गवत. खरं सांगते, हातात बेल होता तवा देव बिलकुल आठवला न्हाई. तुम्ही आठवले. आत्याबाईचे देव टोपल्यात घालून नदीला निघालेले, अन् वळून म्हणलेले, ज्या घरात पुन्हा देवापुढं हात जाईल त्या घरचं मी पाणी पिणार न्हाई.

भारा डोक्यावर घेऊन आले. दादांनी बघितलं अन् आत गेले. तवापासून भारा दारात पडलाय. ते म्हशीला घालू देईनात, अन् ती वास घेऊन दावं ओढते. वस्तीतल्या बाया येतेत, भाऱ्याकडं बघतेत, जातेत. मी घातला तर त्याही उद्या बेल उचलणार. लेकराबाळांच्या बाया, त्यांना कोण नाव ठेवील? मंग पुढच्या साली डोंगर बेलवाल्यांचा होईल. आपण राबलो ते कोणाच्या ध्यानातही राहायचं न्हाई. हे मला भारा खाली टाकल्यावर कळलं. अक्कल अशी उशिरा येते माझी.

लाज वाटते, भाऊजी. पण तुमचा रागही येतो. तुम्ही बोलून जालन्याला गेलात. तुमच्या खोलीत म्हैस हंबरत न्हाई. निभवायचं आम्ही, रोज, कचरूच्या तोंडासमोर.

आज सांजच्याला पारावर पुन्हा बैठक आहे. मी जाऊन राह्यले. भारा नेऊन कचरूच्या पुढ्यात टाकणार अन् म्हणणार, हे तुमचं बेलाचं गवत परत घ्या, मला माझं राखणीचं गवत द्या. माझ्यासंगं साऱ्या वस्तीला द्या. न्हाई दिलं तर तिथंच बसून राहीन. बद्रीनाथला पण विचारणार, आज तरी तोंड उघडतो का. दादांना सांगितलं न्हाई. आत्याबाईला सांगितलं, तर म्हणल्या, थांब, माझी काठी दे, मी येते.

मिळेल का न्हाई, मला ठाव न्हाई. रिकाम्या हातानं परत आले तर म्हैस उपाशी अन् गावात हसं. तरी जाते.

तुम्ही एकदा या. या घरचं पाणी प्यायचं का न्हाई ते दारात उभं राहून सांगा, लांबून सांगू नका.

उचललेला बेल खाली ठेवायला निघालेली,
तुमची वहिनी
सत्यशीला