बाबांच्या दारात आलेला बीव्हर

आदरणीय सिस्टर मारी-देल्फिन, म्हणजे घरातल्या आमच्या फिलोमेनताईस,

धाकट्या तेलेस्फोरचा गुडघा टेकून नमस्कार (एकच टेकला आहे, डावा हल्ली वाकत नाही). तुझा खोकला कसा आहे? मठात येणारी पत्रं मदर सुपिरियर आधी वाचतात हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याही प्रकृतीची विचारपूस करतो. इकडे तुझी भावजय आल्मा बरी आहे, गाय बरी आहे. राहिले बाबा. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्यांच्या पायी माझ्या जिवाला घोर आहेच.

झालं असं, की जूनमध्ये कबरस्तानाखालच्या ओढ्यात एक बीव्हर आला आणि त्याने बांध घातला. पाणी पसरत वर चढलं. सगळ्यात खालची कबर कोणाची, तर बाबांची (पाण्याचा आवाज ऐकू यावा म्हणून जागा त्यांनीच निवडली होती, आठवतं ना). जन्मभर बीव्हर धरून त्यांनी आपल्याला वाढवलं, आणि रात्री जेवणं झाल्यावर गोष्ट सांगायची तीही बीव्हरचीच. एका कानाचा म्हातारा बार्नाबे! प्रत्येक गोष्टीत तो सापळ्यातून निसटायचा, पाण्यावर शेपूट आपटायचा आणि शिकाऱ्याला बजावायचा, "आज तू माझ्या दारात आलास, एक दिवस मी तुझ्या दारात येईन." यावर तू टाळ्या पिटायचीस. गाव काही विसरलेलं नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर ओव्हिला न्हावी सगळ्यांदेखत ओरडला, "काय रे तेलेस्फोर, आला म्हणे बार्नाबे तुझ्या बापाकडे! पाहुण्याला चहापाणी विचारलंस की नाही?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र घास उतरला नाही.

पाद्रीबाबा म्हणाले, गोळी घाल आणि मोकळा हो. बाबांची बंदूक घेऊन संध्याकाळी काठावर बसलो. तो तोंडात फांदी धरून आला, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या कामाला लागला. कामात असलेल्या माणसाला (माणूसच म्हणतो) मध्येच कसं मारायचं? घरी येऊन आल्माला सांगितलं, की आज शुक्रवार, मांस वर्ज्य. ती म्हणाली, "अहो, आपल्या पूर्वजांनी बीव्हर उपासाला चालावा म्हणून त्याला मासा ठरवलाय. मग मासा समजून मारायचा होता!" तिच्यापुढे धर्मशास्त्र काढू नये. मग मी कुदळीने बांध फोडला. सकाळी बांध पुन्हा जागच्या जागी, आणि माझ्या कुदळीचा दांडा त्यात नीट बसवलेला. पुन्हा फोडला, पुन्हा तेच. शेवटी आल्मा काठावर उभी राहून रोज ताटल्या बडवू लागली. बीव्हर ढिम्म हलला नाही, आपल्या गाईने मात्र दूध चोरलं. आणि जुलैत एकदा त्या बांधात बाबांचा लाकडी क्रूस सापडला. ओल्या मातीतून कलंडला असेल. नावाची बाजू वर होती, घराला पाटी लावावी तशी. तो उपसून काढला आणि तिथेच चिखलात बसून रडलो. हे ओव्हिलाने पाहिलं नाही, देवाची कृपा.

आता पाणी कबरीपासून वीतभर राहिलं आहे. परवा पाद्रीबाबा पाहणी करून गेले. म्हणाले, "बीव्हर म्हातारा झाला वाटतं, हल्ली काम अगदीच गचाळ करतो." (मला ते फार लागलं.) पण पाणी अडलंय खरं, म्हणून बाबांना वर टेकाडावर हलवायचं त्यांनी ठरवलं. तिथे जागा एकच, यूझेबमामाच्या शेजारी. एका घोड्यावरून मरेपर्यंत दोघे बोलले नाहीत, हे मी पाद्रीबाबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मेल्यावर कसली रे भांडणं?" ते या गावात नवीन आहेत.

बाबांना माती दिली त्या दिवशी नदीचा बर्फ फुटत होता. ना घसरगाडी चाले ना होडी. तू पलीकडच्या काठापर्यंत आलीस, तिथूनच घंटा ऐकलीस आणि परत गेलीस. शवपेटीला खांदा देताना तुझा काळा बुरखा मला दिसत होता. हात वर केला असता, पण दोन्ही हात गुंतलेले होते. ते अजून मनातून जात नाही.

तुझा भाऊ,
तेलेस्फोर

ता. क. आईवडिलांच्या दफनाला सिस्टरला घरी जाता येतं, असा तुमच्या मठाचा नियम आहे. ते दफन पहिलंच असावं, असं त्यात कुठे लिहिलं आहे का, हे मदरनी कृपा करून पाहावं. येत्या शनिवारी घंटा, प्रार्थना, माती, सगळं पहिल्यासारखंच होणार आहे. नदी मोकळी आहे आणि होडी चालू आहे.

आणखी एक ता. क. मदर, यापुढचं फक्त फिलोमेनसाठी आहे, आपण इथेच थांबावं ही हात जोडून विनंती.

ताई, आल्माच्या ताटल्यांना कंटाळून बीव्हर ऑगस्टमध्येच वरच्या तळ्याकडे निघून गेला. तेव्हापासून बांध मीच घालतो आहे. चिखल थापून थापून हात फुटलेत आणि पाणी काही माझं ऐकत नाही. शनिवारपर्यंत कसंबसं धरून ठेवतो. तू ये.