आधी ती कशी होती

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. सध्या एका शाळेच्या भिंती रंगवतोय. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय म्हणे?

तुझं पत्र वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. बायको माझी आणि रडते तुझ्याजवळ. मला फोनवर नुसतं "ठीक आहे". डॉक्टरीणबाईंनीही तुलाच विचारलं, बाळंतपणाआधी हिचा स्वभाव असाच होता का? तू म्हणालीस, ठाऊक नाही. अगं, मग मला विचारायचं ना.

सांग त्यांना, अशी नव्हती. दुकानदाराशी कडाकडा भांडायची आणि बाहेर पडली की जिन्यातच हसत सुटायची. हे फक्त मला ठाऊक आहे.

आणखी एक. बाळाला घ्यावंसं वाटत नाही, हे तिने आधी मलाच सांगितलं होतं. मी म्हणालो, नाटकं करू नकोस. तेव्हापासून ती तुला सांगते. तू फोन केलास की ती शेजारीच असते, म्हणून हे लिहून कळवतोय. डॉक्टरीणबाईंना हेही सांग.

तिची हरकत नसेल तर तुम्ही दोघी बोलत बसाल तेव्हा फोन लावून बाजूला ठेव. मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझ्यावर जळणारा,
तुझा भाऊ